अडीच फुटांची गाडी: लहान मुलांना खेळातून योगासनं शिकवताना

पहिल्या दिवशी माझा वर्ग दहा मिनिटांत मोडला. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. त्याच्या अगाशीवर (गच्चीला इथली मराठी माणसंही अगाशीच म्हणतात) मी पाच पोरं ओळीत उभी केली होती. मी अखाड्यात वाढलेला. आम्हाला सूर्यनमस्कार आकड्यांवर शिकवले. चुकलात की पुन्हा एकपासून. तेच सुरू केलं. चौथ्या आकड्याला एक पोरगा कबुतरांमागे धावला, दोघं पाण्याच्या टाकीआड लपली, एक रडायच्या बेताला आलं. उरली माझी नात, वय वर्षं पाच. ती म्हणाली, "आजोबा, आपण एकामागे एक उभे आहोत म्हणजे गाडी आहे ना? मग सुटत का नाही?"

मी रेल्वेत गार्ड होतो, पस्तीस वर्षं. (हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२ साली नाव बदललं, मी त्याआधीच सुटलो.) जन्मभर गाड्या सोडलेल्या माणसाला नातीनं विचारावं की गाडी सुटत का नाही! खिशात शिट्टी नव्हती, तोंडानं वाजवली. टाकीआडची दोघं डबे होऊन मागे लागली.

त्याला आता सहा वर्षं झाली. दर शनिवार-रविवारी सकाळी आमची गाडी सुटते. चार ते सात वर्षांची मुलं, एका वेळी सहा, फार तर आठ. त्याहून जास्त झाली की एका माणसाची नजर पुरत नाही. निम्मी पोरं गुजराती आहेत, ती मला 'दादा' म्हणतात. त्यांच्याकडे दादा म्हणजे आजोबाच. पण मराठी कानाला वय चाळीस वर्षांनी उतरल्यासारखं वाटतं, म्हणून मी काही दुरुस्त करत नाही. नातवंडांना, शेजारपाजारच्या मुलांना किंवा बालवाडीत कुणाला असं काही सुरू करायचं असेल, तर माझी पद्धत अशी.

रूळ

खडूच्या दोन रेघा मारा, मध्ये अडीच फूट. अंदाजानं नको, टेपनं मोजा, आणि टेपचं दुसरं टोक मुलांच्या हाती द्या; त्यातच ती गोळा होतात. अडीच फूट म्हणजे नॅरो गेज, अरुंद रूळ, आणि ती आमच्या घरचीच गोष्ट. १८६२ साली, बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात, इथून जवळच डभोई ते मियागाम अशी हिंदुस्थानातली पहिली नॅरो गेज लाइन पडली, आणि तिच्यावरची गाडी सुरुवातीला बैल ओढत. हे ऐकून गप्प बसलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. "बैल? रुळावर? मग शेण कोण उचलायचं?" ज्यानं विचारलं त्याला मी त्या दिवसापुरता पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) नेमतो.

या लाइनीचं आणि योगाचंही नातं आहे. योग प्रयोगशाळेत तपासणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा जन्म १८८३ साली डभोईचाच. शरीर कमावलं ते बडोद्यात, जुम्मादादांच्या आखाड्यात, माणिकरावांच्या हाताखाली. योगातले गुरू, परमहंस माधवदास, त्यांना भेटले नर्मदाकाठच्या मालसरला, आणि मालसर हेही आमच्या नॅरो गेजचंच स्टेशन. पुढे लोणावळ्याला त्यांची योगसंस्था, कैवल्यधाम, निघाली ती १९२४ साली. पण त्याच्या आधी, १९२०-२१ च्या सुमारास, उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांनी शरीरात नेमकं काय होतं हे त्यांनी तपासलं ते बडोद्याच्या इस्पितळात. हे सगळं मुलांना सांगू नका, त्यांना बैल पुरे. "आगगाडीचा नि योगाचा काय संबंध?" असं विचारणारे पालक भेटतात, त्यांच्यासाठी राखून ठेवा.

तुमच्या गावात रेल्वे नसेल तर होडी घ्या, उसाची बैलगाडी घ्या, लाल डब्याची एस.टी. घ्या. एवढंच बघा की वाहन मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं आणि त्यावर तुमचं स्वतःचं प्रेम असावं. मी अंतराळयानाचा एक प्रयत्न केला होता. मलाच त्यातलं काही येईना, आणि मुलांनी ते दोन मिनिटांत ओळखलं.

बाकीची तयारी थोडीच. खाली जाड सतरंजी किंवा न सरकणारी चटई, पाय अनवाणी. वेळ सकाळी साडेसातची. एप्रिल-मे महिन्यांत सात, कारण त्यानंतर अगाशीची फरशी तळवे भाजते. पोट हलकं हवं. घरून निघताना अर्धा कप दूध किंवा एखादं केळं चालतं, भरपेट खाणं झालं असेल तर दोन तास जाऊ द्या. एकदा एक पोरगा वडिलांबरोबर सेव-उसळ खाऊन थेट वर्गाला आला. पुढचं सांगत नाही, पण त्या दिवशी आमच्या खेळातल्या पुलाखालची वाहतूक बंद ठेवावी लागली.

तिकीट

माझ्या काळातली पुठ्ठ्याची छोटी तिकिटं आठवतात? जुन्या लग्नपत्रिका कापून मी तशी करतो. भाडं म्हणजे एक श्वास. तिकीट तोंडासमोर टीचभर अंतरावर धरायचं, नाकानं श्वास घ्यायचा, आणि ओठांचा चंबू करून इतकं हळू फुंकायचं की तिकिटाचं टोक हलेल पण वाकणार नाही. जोरात फुंकलं की मी म्हणतो, "सुटे पैसे नाहीत माझ्याकडे, परत द्या." तीनदा झालं की तिकीट पंच. श्वास लांब सोडणं म्हणजे काय, हे या वयाला समजावून सांगता येत नाही. ते असं हातात द्यावं लागतं. आणि पळत जिना चढून आलेली पोरं तिकिटाच्या खिडकीशी आपोआप निवतात.

बैल जुंपा

मग सगळे चार पायांवर. पुस्तकात याला मार्जारासन म्हणतात, पण आमच्याकडे मांजर नाही, बैल आहे. हात खांद्यांच्या खाली, गुडघे कमरेखाली. "वशिंडावर माशी बसली!" म्हटलं की पाठ वर, मान खाली, श्वास बाहेर. "माशी उडाली, आता वैरण कुठाय बघा" म्हटलं की पाठ खोलगट, नजर समोर, श्वास आत. पाच-सहा वेळा. मग गाडी ओढायची, म्हणजे रुळांमधून रांगत दोन फेऱ्या. ज्याचे गुडघे दुखतात तो गाडीवान होतो आणि उकिडवा बसून हाकतो.

बैल दमले की इंजिन येतं. उभं राहून कोपरांनी दांडे फिरवायचे, गुडघे आळीपाळीनं उचलायचे, दर पावलाला 'छुक'. अंग तापायला एवढं पुरतं. मधूनच मी ओरडतो, "वाफ सोडा!" की सगळे जागीच थांबून लांब 'स्स्स' करतात. हा पुन्हा तोच तिकिटाचा श्वास, पण ते त्यांना कळत नाही.

चूक दाखवू नका, कामाला लावा

या पद्धतीत माझ्या मते सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही पूल करतो. हातपाय जमिनीवर, कंबर आभाळाकडे, अधोमुख श्वानासन. पहिल्या प्रयत्नात मूल हमखास कंबर खाली पाडतं आणि गुडघे दुमडून बसतं. पूर्वी मी म्हणायचो, "कंबर वर, कोपर सरळ, टाच खाली." मूल गोंधळून माझ्याकडे बघायचं, आणि बघताना मान वर झाली की उरलासुरला पूलही कोसळायचा. आता मी म्हणतो, "विश्वामित्रीला पूर आलाय, पुलाला पाणी लागेल, उचला!" कंबर आपोआप वर जाते. "पुलाचे खांब रुतवा" म्हटलं की बोटं पसरतात, तळहात टेकतो. "खाली होडी किती मोठी आलीय, बघा तुमच्या पायांमधून" म्हटलं की मान सैल सुटते. टाचांचं मी नाव काढत नाही. या वयात त्या टेकल्या काय नि न टेकल्या काय. मग सगळ्यात लहान मुलाला पुलाखालून होडी होऊन जाऊ द्या. होडी जाईपर्यंत पूल पडत नाही. नुसतं पाच आकडे थांबायला सांगितलं तर तीनला पडतो.

आसनात मूल थांबत नाही. पण त्याच्या थांबण्यावर कुणाचं तरी काम अडलेलं असेल, तर ते थांबतं. हे मला सिग्नलनं शिकवलं.

जुने हाताचे सिग्नल तुम्ही पाहिले असतील: हात आडवा म्हणजे थांबा, हात खाली झुकला म्हणजे जा. आमच्या अगाशीवर एक मूल सिग्नल होतं. एका पायावर उभं, दुसरं पाऊल पोटरीला टेकवलेलं, एक हात छातीशी, दुसरा आडवा. बाकीची गाडी त्याच्यासमोर येऊन उभी राहते. जोवर हात आडवा आहे तोवर गाडीनं हलायचं नाही. हात खाली आला की सुटायचं. सगळी सत्ता एका चार वर्षांच्या पोराच्या हातात! आणि सिग्नल डोलायला लागला तर ड्रायव्हरला काय समजणार? म्हणून तो डोलत नाही. डोळे एका जागी रोवायला सांगावे लागतात. आम्ही समोरच्या टाकीवरचा लाल नळ ठरवला आहे. तोल गेला तर पाय खाली टेकवायचा आणि पुन्हा उचलायचा, सिग्नलची तार तुटली होती ती जोडली, इतकंच. मी मनात मोजतो, मुलांना आकडा सांगत नाही. सुरुवातीला चार-पाच, दोन महिन्यांनी पंधरा-वीस सहज होतात. पाय बदलायला विसरू नका; मुलं आवडत्या पायावरच उभी राहतात.

पाऊल पोटरीला किंवा घोट्याला, गुडघ्याला कधीच नाही. मांडीपर्यंत चढवायची तर घाईच नाही.

इथे एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एकदा मी विचारलं, "कोण जास्त वेळ उभा राहतो बघू?" झालं. दोघं दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून उभे राहिले, एक दुसऱ्यावर पडला, आणि हरलेला पुढच्या आठवड्यात आलाच नाही. अखाड्यात ईर्ष्येनं अंग घडतं, पण ते बारा-तेराव्या वर्षानंतर. इथे तिला रुळावर येऊ देऊ नका.

वृक्षासन हे तेच आसन, पण बडोद्यात झाड म्हटलं की वड. शहराचं नावच वडावरून आलंय म्हणतात. सिग्नल एकट्याचा खेळ, वड सगळ्यांचा: गोलात उभं राहायचं, एकेक पाय उचलायचा आणि हात पारंब्यांसारखे शेजारच्याच्या खांद्यावर सोडायचे. ज्याचा तोल कच्चा, त्याला दोन्ही बाजूंनी पारंबी मिळते. मी सयाजीबागेतले वड दाखवून आणतो मुलांना. कमाटीबाग म्हणा हवं तर, आम्ही घरात तेच म्हणतो.

मगर

पुलाखाली नदी आहे, तर नदीत मगर आलीच. बाहेरगावच्या मुलांना मगर चित्रात असते. बडोद्याच्या मुलांना ती विश्वामित्रीत, शहराच्या अगदी मधोमध असते. पालथं झोपायचं, हाताच्या घड्या घालून त्यावर कपाळ किंवा गाल, पाय थोडे लांब सोडलेले. मकरासन. दिसायला काहीच नाही, पण लहान मुलांसाठी मला हे सगळ्या आसनांत उपयोगी वाटतं. पालथं असताना पोट जमिनीला लागतं, श्वास आत गेला की पोट फरशीला दाबतं आणि सोडला की सुटतं. पोटानं श्वास घेणं म्हणजे काय, हे फरशीच मुलाला शिकवते. मी एवढंच म्हणतो, "मगर ऊन खातेय. तिच्या पोटाखाली एक बेडूक आहे. त्याला हळूच चेपा, चिरडू नका." मगरी काठावर जबडा उघडा टाकून पडतात, अंगातली उष्णता बाहेर जावी म्हणून, तर आमच्या मगरीही तोंड उघडं टाकतात. त्यानं दाताखाली दाबलेले जबडे सैल पडतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या. त्यानंतर पहिल्यांदा गाडी सुटली तेव्हा एक मुलगी पुलाशी आली आणि खालीच बसली. तिच्या पोळीत (इथे जुन्या वस्तीतल्या गल्लीला पोळ म्हणतात) पाणी शिरलं होतं. "मगर नको," म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे, आज मगर नाही. पुढच्या वेळी तिनंच विचारलं, "मगर माझ्या वडिलांसारखी घोरते का?" तिसऱ्या वेळी ती स्वतः मगर झाली आणि मला म्हणाली, "दादा, आता तुम्ही घाबरा." मी घाबरलो. चांगलं जोरात घाबरलो. कल्पनेचा खेळ म्हणून भीतीच्या वाटेला मुद्दाम जाऊ नका, पण मूल स्वतः आलं तर गाडी त्याच्या वेगानं चालवा.

छोटी स्टेशनं

भुजंगासन: रुळावर साप आलाय, डोकं काढून बघतोय. बेंबी जमिनीवरच, कोपरं अंगाशी, हातांवर भार जवळजवळ नाहीच. मान मागे टाकू देऊ नका; "साप समोरच्या सिग्नलकडे बघतो, आभाळाकडे नाही." उष्ट्रासन, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकणं, मी सात वर्षांच्या आत करत नाही, मान फेकली जाते. बेडूक उड्या मारतो, पाच उड्या, पुरे. बद्धकोणासनाला आम्ही वेटिंग रूममधलं फुलपाखरू म्हणतो. गुडघे हलवायचे, कुणी दाबायचे नाहीत.

संस्कृत नाव मी खेळ झाल्यावर सांगतो, बक्षिसासारखं. "तू आत्ता जे केलंस ना, त्याला हजार माणसांत 'मकरासन' म्हणतात." घरी जाऊन ते नाव आईवर फेकायला मुलांना फार आवडतं.

महिन्यातून एका रविवारी स्टेशनं मुलं ठरवतात. घेरंडसंहितेत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की जितक्या जीवजाती तितकी आसनं, शिवानं चौऱ्याऐंशी लाख सांगितली, त्यांतली चौऱ्याऐंशी श्रेष्ठ, आणि त्यांतली बत्तीस माणसांच्या कामाची. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर अजून पुष्कळ जागा रिकामी आहे. आमच्याकडे भिंतीवरची पाल झाली, पतंग अडकलेली तार झाली, रिक्षाही झाली. रिक्षा ही जीवजात नाही असा वाद मुलांमध्येच झाला आणि 'पण धूर सोडते' या मुद्द्यावर ती पास झाली. रिक्षासनात पाठ फार मुरगळत होती, म्हणून मी तिला हळू चालवायला लावलं. शोध त्यांचा, ब्रेक माझा.

गोष्ट मात्र लांबवू नका. मला बोलायची खोड आहे, नात म्हणते तशी. एकदा मी डभोईच्या हिराभागोळ दरवाज्याची हकिकत इतकी रंगवली की मुलं मांडी घालून ऐकत बसली आणि वेळ संपला. दोन वाक्यं झाली की तिसऱ्याला अंग हललं पाहिजे.

जे करायचं नाही

शीर्षासन, सर्वांगासन, मयूरासन नाही. कपालभाती, भस्त्रिका नाही. श्वास कोंडून धरणं कुठल्याच रूपात नाही, गंमत म्हणूनही नाही. मुलाला धरून ओढायचं किंवा दाबायचं नाही. या वयात सांधे सैल असतात, मूल सांगाल तितकं वाकतं, आणि वाकतं म्हणून वाकवायचं असा अर्थ होत नाही. दमा, फेफरं, हृदयाचा काही त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका; हे पालकांना तुम्हीच विचारायचं, ते आपणहून सांगत नाहीत. आणि सतत चेहरा बघत राहा. गुडघा खोटं बोलेल, भुवया बोलत नाहीत.

दुसरं, २१ जून. योगदिन २०१५ पासून सुरू झाला, चांगली गोष्ट. पण जून उजाडला की माझ्याकडे फोन येतात: "काका, तिचं चक्रासन होतंय का? फोटो हवाय." एका शाळेच्या कार्यक्रमात माझ्या गाडीतली दोन मुलं तासभर उन्हात मांडी घालून बसवली होती, पाहुणे यायचे होते म्हणून. परत आली तेव्हा दोघांनाही योग या शब्दाचा राग आला होता. मी तो शब्द महिनाभर उच्चारला नाही. गाडी म्हटलं, आली.

सिंह, आणि मग रात्र

शेवटच्या पाच मिनिटांची आखणी आधीच्या पंधरा मिनिटांहून महत्त्वाची. दंगा केलेल्या मुलाला एकदम 'आता झोपा' म्हटलं तर ते हसत सुटतं. म्हणून आधी दंग्याला दार द्या. आमची गाडी कमाटीबागेच्या झूजवळ थांबते आणि सगळे सिंह होतात: वज्रासनात बसून, पंजे गुडघ्यांवर, डोळे मोठे, जीभ हनुवटीपर्यंत, आणि गर्जना. तीनदा. तिसरी सर्वांत मोठी. शेजारच्या काकूंना मी याची वेळ सांगून ठेवली आहे.

मग सिंहाला ऐकू येतं काहीतरी. माझ्या लहानपणी रुळांच्या कडेनं तारेचे खांब असत. खांबाला कान लावला की आतून गुंजन यायचं. (मुलांना स्पष्ट सांगा: खऱ्या रुळाजवळ जायचं नाही, खऱ्या रुळाला कान लावायचा नाही.) ते गुंजन आम्ही करतो. अंगठ्यानं कान हलके बंद, ओठ मिटलेले, दात सुटलेले, आणि नाकातून 'म्म्म'. भ्रामरी. जोर लावायचा नाही, लांबवायची चढाओढ नाही, चार वेळा. एरवी एक क्षण गप्प न बसणारा एक पोरगा यात असा हरवतो की त्याला हात लावून परत आणावं लागतं.

आणि रात्र होते. सगळे बर्थवर, उताणे, हात सुटे. पंच केलेलं तिकीट बेंबीवर ठेवायचं. "तिकीट वर जातंय, खाली येतंय. टीसी येईल, तिकीट पडलेलं नको." मी बॅटरी घेऊन हळूहळू फिरतो, आवाज खाली आणतो, स्टेशनांची नावं घेतो, दोन नावांमध्ये आधीपेक्षा जास्त थांबतो: प्रतापनगर... केलनपूर... डभोई. हात सैल पडलाय का हे पाहायचं असेल तर आधी विचारतो, "तुझी वळकटी उचलू का?" नाही म्हटलं तर नाही. दीड-दोन मिनिटं खूप झाली. कुणी डोळे उघडे ठेवून तारांवरची कबुतरं बघत पडलं असेल, तर तेही शवासनच धरा.

उठवताना टाळी नको. कुशीवर वळायचं, हातावर भार देऊन बसायचं. तिकीट परत. परत दिलं की पुढच्या वेळचं आरक्षण पक्कं.

जो खेळत नाही त्याचं काय

दर गाडीत एक असतो. आमच्याकडे एक मुलगा चार आठवडे कठड्याला टेकून उभा होता. त्याच्या आईला लाज वाटायची, ती त्याला ढकलायची. मी आईला खाली चहाला पाठवलं आणि त्याच्या हातात हिरवी झेंडी दिली. "तू दाखवल्याशिवाय गाडी निघणार नाही." तो दाखवायचा, पुन्हा कठड्याला. पाचव्या आठवड्यात मगरी ऊन खात होत्या तेव्हा बघितलं, तर सतरंजीच्या टोकाला एक मगर जास्त. हातात झेंडी तशीच. मी काही बोललो नाही, पुढचं स्टेशन पुकारलं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर अगाशी हातची जाते. तेव्हा आम्ही खालच्या मजल्यावर, चौकाला लागून असलेल्या बोळात येतो. तो जेमतेम तीन फूट रुंद आहे, नॅरो गेज मोजून बसते. पण तिथे चारच मुलं घ्या आणि इंजिन काढून टाका. माडीवरच्या आमच्या जुन्या लाकडी हिंचक्याच्या (झोपाळ्याच्या) कड्या त्या धडधडीनं वाजतात, आणि हिचं दुपारचं निवडणं तिथेच पसरलेलं असतं. बोळात पूल, मगर, तिकीट आणि रात्र एवढंच करतो. पन्हाळीचं पाणी चौकात पडत असतं, त्यामुळे नदी वेगळी सांगावी लागत नाही. खडू मात्र ओल्या फरशीवर उमटत नाही. तिथे दोन जुने सुती नेसूचे काठ फाडून रूळ करून ठेवले आहेत, गुंडाळी करून दारामागच्या खुंटीला टांगलेले असतात.